परवान्याचा अर्ज करण्याआधी पोलीस रेकॉर्डमधली चूक कशी दुरुस्त करायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वकिलीची सनद, रिक्षाचा बॅज, सिक्युरिटी एजन्सीचं लायसन्स, नर्सिंग किंवा फार्मसी कौन्सिलची नोंदणी, काहीही घ्यायचं असलं तरी कुठल्यातरी पानावर तो रकाना येतोच: ‘आपल्याविरुद्ध कोणताही गुन्हा दाखल आहे अगर होता काय?’ इथवर येऊन बरेच जण अडखळतात. कुणाची केस कधीच संपलेली असते पण कॉम्प्युटरवर चालू दिसते, तर कुणाच्या नावावर भलत्याचाच गुन्हा चढलेला असतो. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण भागातल्या अशा लोकांसाठी ही उत्तरं लिहिली आहेत.

माझं ‘रेकॉर्ड’ म्हणजे नेमकं काय आणि ते असतं कुठे?

एका ठिकाणी नसतं, आणि निम्म्या भानगडी इथूनच सुरू होतात. एक नोंद पोलीस स्टेशनच्या रजिस्टरमध्ये असते, गुन्हा रजिस्टर नंबरासह. दुसरी सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणक प्रणालीत. तिसरी कोर्टात, म्हणजे मूळ फाइल आणि ‘ई-कोर्ट्स’ या कोर्टांच्या वेबसाइटवर दिसणारी माहिती. बोटांचे ठसे घेतले असतील तर त्यांचं रेकॉर्ड आणखी वेगळं. राज्याचा गुन्हे अन्वेषण विभाग आणि त्याच्याकडचं गुन्हे अभिलेख केंद्र पुण्यातच आहे. तरी तिथे थेट जाऊन नाव काढून घेता येईल अशी आशा ठेवू नका. तिथली माहिती खालून, पोलीस स्टेशनकडून चढते. दुरुस्तीही खालूनच चढते.

या नोंदी एकमेकींशी जुळवून घेण्याचं काम आपोआप होत नाही. कोर्टानं निकाल दिला म्हणून पोलीस स्टेशनचा कॉम्प्युटर त्याच संध्याकाळी बदलेल, हा आपला भाबडेपणा झाला.

अर्ज करण्याआधी माझ्या नावावर काय दिसतं ते कसं बघायचं?

आधी ई-कोर्ट्सवर पुणे जिल्हा निवडून पक्षकाराच्या नावानं शोधा. शिवाजीनगरबरोबरच लष्कर, खडकी, पिंपरी आणि तालुक्याची कोर्टंही (खेड, बारामती, जुन्नर, दौंड, वडगाव मावळ वगैरे) बघा. नाव इंग्रजीत टाइप केलेलं असतं, त्यामुळे स्पेलिंग बदलून बदलून पाहावं लागतं. ‘जाधव’ आणि ‘शिंदे’ किती तऱ्हांनी लिहिता येतात ते एकदा करून बघाच. केस सापडली की तिचा १६ अक्षरांचा सीएनआर नंबर, म्हणजे त्या केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक, टिपून ठेवा. पुण्यातल्या केसचा सीएनआर ‘एमएचपीयू’ या अक्षरांनी सुरू होतो. पुढे केस शोधताना तोच कामी येतो.

दुसरा मार्ग म्हणजे चारित्र्य पडताळणीसाठी स्वतःच ऑनलाइन अर्ज करायचा. परवान्याला तो दाखला लागणारच असेल तर आधीच काढा. शेरा काय येतो ते शेवटच्या आठवड्यात कळण्यापेक्षा आता कळलेलं बरं.

तिसरा मार्ग माहितीच्या अधिकाराचा: १० रुपये फी, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘माझ्यावर काही गुन्हे आहेत का’ असं मोघम विचारू नका. ‘गु. र. नं. अमुक/२०१३ मध्ये न्यायालयीन निकालाची नोंद कोणत्या तारखेला घेतली, त्याची प्रत द्यावी’ असं विचारा. मोघम प्रश्नाला उत्तरही मोघमच येतं.

माझी निर्दोष मुक्तता होऊन बरीच वर्षं झाली, पण पडताळणीत अजून ‘न्यायप्रविष्ट’ शेरा येतो. का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच.

निकाल लागल्यावर त्याची माहिती कोर्टातून पोलीस स्टेशनला जाते. तिथे गुन्हा रजिस्टरला शेरा मारायचा असतो आणि सीसीटीएनएसमध्ये ‘कोर्ट डिस्पोजल’चा फॉर्म भरायचा असतो. या प्रणालीत एफआयआर, अटक, जप्ती, दोषारोपपत्र अशा टप्प्यांचे वेगवेगळे फॉर्म असतात. पहिले फॉर्म भरल्याशिवाय तपास पुढे सरकत नाही म्हणून ते भरले जातात. निकालाचा फॉर्म राहिला तर पोलिसांचं काहीच अडत नाही, अडतं ते तुमचं. शिवाय जुन्या केसेस प्रणालीत मागाहून चढवल्या, तेव्हा कित्येकींची सुरुवात चढली आणि शेवट रजिस्टरातच राहिला. यात कुणाचा आकस असतोच असं नाही. बहुतेक वेळा नुसतं काम राहून गेलेलं असतं.

उपाय सरळ आहे, पण क्रम चुकवू नका. आधी कोर्टातून निकालाची प्रमाणित नक्कल काढा. नक्कल विभागात अर्ज करायचा, केस नंबर, कोर्टाचं नाव आणि निकालाची तारीख लिहायची. हातात नक्कल आली की शेवटच्या पानावरचा ‘आदेश’ नीट वाचा. तुमचं नाव आहे का, आरोपी क्रमांक बरोबर आहे का, आणि कोणत्या कलमान्वये सोडलंय ते बघा. पाच आरोपींच्या केसमध्ये तिघे सुटले आणि दोघांची केस वेगळी काढली, असं होतं. त्या दोघांतले तुम्ही असाल तर तुमची केस खरंच चालू असू शकते. मग कॉम्प्युटर बरोबर आणि तुमची समजूत चूक.

नक्कल घेऊन ज्या पोलीस स्टेशनला गुन्हा दाखल झाला तिथे जा. राहत्या पत्त्याच्या पोलीस स्टेशनला नव्हे. पडताळणी राहत्या ठिकाणी होते म्हणून लोक तिथेच खेटे घालतात. तिथला हवालदार फक्त स्क्रीनवर दिसतं ते लिहितो, दुसऱ्या ठाण्याची नोंद तो बदलू शकत नाही.

तो अर्ज कसा लिहायचा?

छोटा, सरळ. आपली व्यथा त्यात मांडू नका. साधारण असा (आर.सी.सी. नं. म्हणजे कोर्टातला फौजदारी केसचा नंबर):

‘प्रति, वरिष्ठ पोलीस निरीक्षक, ____ पोलीस स्टेशन. विषय: गु. र. नं. ____/____ मधील न्यायालयीन निकालाची नोंद सीसीटीएनएसमध्ये घेण्याबाबत. महोदय, वरील गुन्ह्यातील आर.सी.सी. नं. ____/____ मध्ये मा. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी यांनी दि. ____ रोजी माझी निर्दोष मुक्तता केली आहे. निकालाची प्रमाणित नक्कल सोबत जोडली आहे. तथापि चारित्र्य पडताळणीत सदर गुन्हा प्रलंबित दिसत आहे. तरी निकालाची नोंद घेऊन मला तसे लेखी कळवावे, ही विनंती.’

दोन प्रती काढा. एकीवर आवक शिक्का, नंबर आणि तारीख घ्या. प्रमाणित नकलेची झेरॉक्स जोडा आणि मूळ नक्कल दाखवून परत घ्या, सोडून येऊ नका. शक्य असेल तर ज्यांच्याकडे सीसीटीएनएसचं काम आहे त्या अंमलदारांना भेटून ‘कोर्ट डिस्पोजल भरलंय का’ एवढंच विचारा. हा शब्द ऐकला की माणूस गोलमोल बोलायचं सोडून थेट स्क्रीन उघडतो.

माझा गुन्हा चाकणला दाखल झाला तेव्हा ते ग्रामीणमध्ये होतं. आता कुठे जाऊ?

१५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवड आयुक्तालय सुरू झालं, तेव्हा भोसरी-निगडीसारखी ठाणी पुणे शहराकडून आणि चाकण-आळंदीसारखी ग्रामीणकडून तिकडे गेली. पुढे लोणी काळभोर आणि लोणीकंद ग्रामीणमधून शहरात आली. अलीकडे बाणेर, खराडी, वाघोली, आंबेगाव अशी नवी ठाणी जुन्या हद्दी तोडून झाली आहेत. हद्दी बदलल्या की जुनी नोंद नेमकी कुणाच्या खात्यात, यावर टोलवाटोलवी ठरलेली.

गुन्हा ज्या ठाण्याच्या नावावर नोंदला गेला ते ठाणं आज ज्या कार्यालयाखाली येतं तिथून सुरुवात करा. ठाणंच विभागलं असेल तर मूळ ठाण्यात अर्ज द्या आणि प्रत नव्या ठाण्याला. दोन्हीकडून ‘आमच्याकडे नाही’ ऐकू आलं तर ते लेखी मागा. लेखी द्यायची वेळ आली की बऱ्याचदा नोंद सापडते.

कोर्टात फाइलच सापडत नाही म्हणतात.

जुन्या फाइली ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात, ते नियमातच आहे. पण नोंदवह्यांमधला तपशील उरलेला असू शकतो. नकलेचा अर्ज लेखीच करा आणि ‘रेकॉर्ड नष्ट झाल्यामुळे नक्कल देता येत नाही’ असा शेरा लेखी घ्या. शक्य असेल तर रजिस्टरमधल्या नोंदीचा उतारा मागा: केस नंबर, आरोपीचं नाव, निकालाची तारीख, निकालाचं स्वरूप. पोलिसांकडे आणि परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे हे दोन कागद नकलेच्या जागी ठेवता येतात. त्यावेळच्या वकिलांकडेही विचारा. जुन्या वकिलांची कपाटं कधीकधी रेकॉर्ड रूमपेक्षा बरी निघतात.

माझ्याच नावाच्या दुसऱ्या माणसाचा गुन्हा माझ्या पडताळणीत आला आहे.

नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव, तिन्ही जुळणारी माणसं पुण्यात सहज सापडतात. गुन्ह्याच्या नोंदीत जन्मतारखेऐवजी ‘वय अंदाजे ३० वर्षे’ आणि पत्ता ‘रा. हडपसर, पुणे’ एवढाच असला की गोंधळ पक्का.

इथे नुसतं ‘तो मी नव्हे’ म्हणून भागत नाही. तुम्ही आणि तो वेगळे आहात हे दाखवणारी एकेक गोष्ट समोर ठेवावी लागते: शाळा सोडल्याचा दाखला, आधार, त्या काळातला राहण्याचा किंवा नोकरीचा पुरावा. दोषारोपपत्राची नक्कल मिळाली तर आरोपीचं वय, आईचं नाव, अंगावरच्या खुणा, पत्ता हे सगळं त्यात असतं. पोलिसांना अर्ज देताना अटकेच्या नोंदीतला फोटो आणि ठसे तपासून घ्यायची विनंती करा. ठशांनी वाद मिटतो.

तुम्हाला मिळवायचं आहे ते तपास अधिकाऱ्याचं किंवा वरिष्ठ निरीक्षकांचं पत्र: ‘सदर गुन्ह्यातील आरोपी व अर्जदार या भिन्न व्यक्ती आहेत.’ हे पत्र जपून ठेवा. पुढच्या पडताळणीत तेच नाव पुन्हा वर येणार, कारण नोंद त्या दुसऱ्या माणसाची आहे आणि ती तिथेच राहणार आहे.

आणि पकडलेल्या माणसानंच पोलिसांना माझं नाव-पत्ता सांगितला असेल तर?

मग प्रकरण गंभीर आहे. भाऊ, चुलतभाऊ, जुना भाडेकरू यांच्या हातून असं होतं, आणि घरातलाच माणूस असला की लोक गप्प बसतात. गप्प बसू नका. केस कोर्टात गेली असेल तर कागदोपत्री आरोपी तुम्हीच असता, तुमच्या नावे वॉरंटही निघू शकतं. त्याच कोर्टात वकिलामार्फत अर्ज करून ठशांची पडताळणी मागावी लागते. इथे नुसत्या पोलिसांच्या पत्रावर विसंबणं बरं नाही. कोर्टाचा आदेश हवा.

एफआयआरमध्ये जबर कलम लागलं होतं, दोषारोपपत्रात ते गळालं. तरी जुनंच कलम दिसतं.

एफआयआर हा दाखल झाल्या क्षणाचा कागद आहे. तो नंतर खोडून बदलत नाहीत. बदल होतो तो पुढच्या कागदात: कलम कमी केल्याचा अहवाल, दोषारोपपत्र, कोर्टानं ठेवलेला आरोप. त्यामुळे ‘एफआयआर दुरुस्त करा’ हा अर्ज फेटाळलाच जाणार. ‘दोषारोपपत्राप्रमाणे कलमं अद्ययावत करा’ असा अर्ज करा आणि सोबत दोषारोपपत्राची नक्कल जोडा. टायपिंगमध्ये ३२४ चं ३२६ झालं असेल तर दोन्ही कागद शेजारी ठेवून तेवढीच ओळ दाखवा.

एक लक्षात असू द्या: १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुन्या गुन्ह्याला जुनीच कलमं राहतात. नव्या पुस्तकात तो आकडा भलत्याच गुन्ह्याचा निघतो म्हणून घाबरू नका, आणि फॉर्म भरताना कायद्याचं नाव व वर्ष दोन्ही लिहा.

चूक निकालपत्रातच असेल तर?

निकालावर सही झाली की कोर्ट तो बदलू शकत नाही, अपवाद फक्त लेखनिक किंवा आकडेमोडीच्या चुकीचा. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३६२ मध्ये होती, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०३ मध्ये आहे. नावातलं अक्षर, आरोपी क्रमांक, कलमाचा आकडा अशा चुकीसाठी त्याच कोर्टात अर्ज करा. ‘साहेबांनी पुरावा नीट वाचला नाही’ ही लेखनिक चूक नव्हे. त्याला अपील.

निकाल बरोबर आणि फक्त ई-कोर्ट्सवर चूक असेल तर त्याच कोर्टाच्या कार्यालयात नक्कल जोडून अर्ज द्या. पोलिसांचा त्याच्याशी संबंध नाही.

मी फक्त दंड भरून सुटलो होतो. ते ‘रेकॉर्ड’ धरतात का?

हो. आणि इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात.

गणपतीत स्पीकर रात्री उशिरापर्यंत चालू राहिला म्हणून मंडळाच्या चार पोरांवर गुन्हा. वर्षभरानं समन्स. पोरं कोर्टात गेली, पुकारा झाला, ‘गुन्हा कबूल आहे का?’ ‘कबूल.’ दंड भरला, पावती खिशात, दोन मिनिटांत मोकळे. बाहेर येऊन सगळे म्हणतात, केस मिटली. मिटली खरी, पण दोषी ठरून मिटली. ‘कोर्ट उठेपर्यंत बसून राहा’ ही शिक्षासुद्धा शिक्षाच आहे. पुढे फॉर्मवर ‘कधी शिक्षा झाली आहे का’ या रकान्यात हा पोरगा बिनदिक्कत ‘नाही’ लिहितो, कारण त्याच्या लेखी त्यानं फक्त पावती फाडली.

वाहतुकीचं साधं ई-चलन ऑनलाइन भरणं यात येत नाही, ते तडजोड शुल्क असतं. दारू पिऊन गाडी चालवल्याची केस मात्र वेगळी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली ती कोर्टात जाते आणि तिथे दंड झाला तरी दोषसिद्धीच.

आता करायचं काय? ही नोंद चूक नाही, त्यामुळे दुरुस्तीचा अर्ज करू नका. गुन्हा कबूल केल्यावर दोषसिद्धीविरुद्ध अपीलही सहसा चालत नाही, शिक्षा किती आणि कायदेशीर की नाही एवढ्यापुरतंच चालतं. आदेशाची नक्कल काढा, दंडाची पावती जोडा आणि फॉर्मवर खरं लिहा. असल्या किरकोळ गुन्ह्यात नैतिक अधःपतनाचा, म्हणजे लबाडी-दुराचाराचा, प्रश्न सहसा येत नाही. लपवलं तर मात्र मुद्दा स्पीकरचा राहत नाही, तुमच्या सचोटीचा होतो.

एनसी आणि चॅप्टर केस यांचं काय?

एनसी म्हणजे अदखलपात्र तक्रारीची नोंद. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपासही करू शकत नाहीत. चॅप्टर केस म्हणजे शांतता राखण्यासाठी बंधपत्र घेण्याची प्रतिबंधक कारवाई, ती शिक्षा नव्हे. पडताळणीच्या शेऱ्यात या दोन्ही गोष्टी ‘गुन्हा’ म्हणून आल्या असतील तर शेरा दुरुस्त करून मागता येतो. सोसायटीतल्या पार्किंगच्या भांडणातून निघालेल्या एनसीनं कुणाची सनद अडू नये.

केस आपसात मिटवली. किंवा पोलिसांनीच ‘समरी’ पाठवली.

कायद्यानं मिटवता येण्याजोग्या गुन्ह्यात कोर्टासमोर तडजोड झाली तर तिचा परिणाम निर्दोष मुक्ततेचाच असतो. पण ती कोर्टासमोर झालेली हवी. चौकीतला ‘आमची काही तक्रार नाही’चा जबाब पुरत नाही.

समरी म्हणजे तपास बंद करण्याचा पोलिसांचा अहवाल. तिचे प्रकार महाराष्ट्रात तीन. ‘अ’ म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही किंवा पुरावा नाही, ‘ब’ म्हणजे तक्रार खोटी, ‘क’ म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. पोलिसांनी अहवाल पाठवला म्हणजे केस संपली नाही. कोर्टानं तो स्वीकारल्याचा आदेश झाला की संपली. त्या आदेशाची नक्कल काढा. कित्येकांच्या समऱ्या कोर्टात मंजुरीविना वर्षानुवर्षं पडून असतात आणि त्यांना पत्ताही नसतो.

लॉकडाउनमध्ये सरकारी आदेश मोडल्याचं कलम १८८ लागलं होतं. सरकारनं ते गुन्हे मागे घेतले ना?

सरकारनं मागे घ्यायचं ठरवलं, पण सरकारचा निर्णय म्हणजे तुमच्या केसचा निकाल नव्हे. खटला मागे घ्यायला सरकारी वकिलांना कोर्टाची संमती लागते. तुमच्या केसमध्ये तसा आदेश झालाय का ते सीएनआरवरून बघा. झाला नसेल तर केस कागदावर जिवंत आहे.

गुन्हा घडला तेव्हा मी अठरा वर्षांखालचा होतो.

मग तुमची बाजू भक्कम आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ नुसार अशा दोषसिद्धीमुळे कोणतीही अपात्रता चिकटत नाही आणि रेकॉर्ड नष्ट करण्याचा आदेश द्यायचा असतो. सोळा वर्षांपुढच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा खटला प्रौढासारखा चालून तो दोषी ठरला असेल तरच वेगळं. कलम ७४ तर पोलिसांना स्पष्ट बजावतं की प्रकरण संपलेलं असेल तर चारित्र्य दाखल्यासाठी ते उघड करायचं नाही. पडताळणीत ते आलं असेल तर येरवड्याच्या बाल न्याय मंडळात अर्ज करा आणि आदेश पोलीस स्टेशनला द्या.

रेकॉर्ड कायमचं पुसून टाकता येतं का?

इंटरनेटवर वाचलेलं बरंचसं अमेरिकेतलं असतं. प्रौढाचं सगळं रेकॉर्ड एका अर्जावर पुसून टाकणारी सर्वसाधारण तरतूद आपल्याकडे नाही. उच्च न्यायालयानं गुन्हा रद्द केला तर खटला संपतो, पण कधीकाळी एफआयआर झाला होता ही नोंद ‘रद्द’ शेऱ्यासह राहू शकते.

ठसे, फोटो या मोजमापांचं मात्र वेगळं आहे. २०२२ च्या गुन्हेगारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानं ती ७५ वर्षं ठेवता येतात. पण आधी कधी शिक्षा न झालेला माणूस खटल्याविना सुटला, आरोपमुक्त किंवा निर्दोष ठरला आणि अपिलाचे मार्ग संपले, तर ती नष्ट करायची असतात, कोर्टानं कारणं देऊन ठेवायला सांगितली नसतील तर. हे आपोआप होईल याची वाट बघू नका, निकालाच्या अर्जातच ही मागणी घाला.

फॉर्मवर नेमकं काय लिहू?

प्रश्न जसा आहे तसं उत्तर. ‘कधी अटक झाली का’, ‘कधी गुन्हा दाखल झाला का’, ‘सध्या खटला प्रलंबित आहे का’, ‘कधी दोषी ठरवलं का’ हे चार वेगळे प्रश्न आहेत. निर्दोष सुटलेल्या माणसाचं पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर ‘होय’ असू शकतं आणि शेवटच्या दोनांना ‘नाही’. ‘सुटलो म्हणजे सगळीकडे नाही’ हे गणित चूक आहे.

‘होय’ लिहिलंत तर खाली तीन ओळींत संपवा: गुन्हा नंबर व ठाणं, कोर्ट व केस नंबर, निकाल व तारीख. सोबत नक्कल. दुरुस्तीचा अर्ज दिला असेल आणि नोंद अजून बदललेली नसेल, तर तेही लिहा आणि आवक शिक्क्याची प्रत जोडा. रेकॉर्डमधली चूक तुमची नाही हे दाखवायला तेवढं पुरतं.

माहिती दडवल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा २०१६ चा निकाल नेहमी पुढे येतो. त्यातला विषय नोकरीचा होता, पण कसोटी परवान्यालाही लागू पडेल अशीच आहे: माहिती खरी द्या, किरकोळ प्रकरण असेल तर अधिकारी सोडून देऊ शकतो, पण खरं सांगितलं म्हणून मंजुरी मिळालीच पाहिजे असंही नाही. विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी तर जास्तच सावध राहावं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकानुसार पदवी हातात पडण्याआधीच एफआयआर, खटला, शिक्षा आणि निर्दोष मुक्ततासुद्धा जाहीर करायची आहे.

शिक्षा झालेली असेल तर परवाना कायमचा गेला का?

व्यवसायाप्रमाणे बदलतं. वकिलांसाठी अधिवक्ता अधिनियम, १९६१ चं कलम २४-अ आहे: नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर नोंदणी होत नाही, पण सुटकेनंतर दोन वर्षांनी ही अपात्रता संपते. आणि कोर्टानं परिवीक्षेवर, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं असेल तर ती लागूच होत नाही. १९५८ च्या परिवीक्षा अधिनियमाचं कलम १२ हेच सगळ्यांसाठी सांगतं, म्हणून आदेशात त्या कायद्याचा उल्लेख आहे का ते बघा. चार्टर्ड अकाउंटंटच्या बाबतीत केंद्र सरकार अर्जावर अपात्रता दूर करू शकतं. सिक्युरिटी एजन्सीसाठी २००५ चा कायदा मालकाची आणि गार्डची, दोघांची पार्श्वभूमी बघतो. रिक्षाच्या बॅजला आरटीओ पोलिसांचा दाखला मागतं, म्हणून तिथे सगळा खेळ त्या दाखल्यावरच्या शेऱ्याचा.

पोलीस स्टेशनला अर्जच घेत नाहीत.

स्पीड पोस्टनं पाठवा आणि पोच जपा. महिनाभर हालचाल नाही दिसली तर सहायक आयुक्त, मग परिमंडळाचे उपायुक्त. ग्रामीणला उपविभागीय अधिकारी, मग अधीक्षक. दर अर्जाला आधीच्या अर्जाची प्रत. जोडीला वर सांगितलेला माहितीचा अर्ज. एवढं करूनही नोंद तशीच राहिली तर उच्च न्यायालयात रिट. पण आधीच्या सगळ्या पोचपावत्या नसतील तर तिथे पहिला प्रश्न हाच येईल की तुम्ही मागितलंत कधी?

उच्च न्यायालय म्हणजे आता कोल्हापूर का?

नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेलं कोल्हापूरचं सर्किट बेंच कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठी आहे. पुणेकरांना मुंबईच. पुण्यात खंडपीठ हवं ही मागणी जुनी आहे, तूर्त डेक्कन क्वीनच.

वकील परवडत नसेल तर?

शिवाजीनगर कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, इतर बहुतेकांना उत्पन्नाच्या मर्यादेत. निकालाची नोंद घेण्याच्या साध्या अर्जाला वकिलाची गरजच नाही.

एक एजंट म्हणतो, आतून ‘क्लीन’ करून देतो.

नोंद तीन-चार ठिकाणी असते हे वर सांगितलंच. एका ठिकाणची कुणी बेकायदा खोडली तरी दुसरीकडची उरते, आणि खोडल्याचा माग तुमच्याकडे येतो. पैसे द्यायचेच असतील तर नकलेची फी भरा.

पासपोर्ट ऑफिसचं पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) चालेल का?

परदेशातल्या नोंदणीसाठी, म्हणजे आखातात नर्स म्हणून जाताना वगैरे, तेच लागतं. इथल्या परवान्यांना सहसा पोलीस आयुक्तालयाचा किंवा ग्रामीणला अधीक्षक कार्यालयाचा दाखला मागतात. कोणता हवा ते फॉर्मच्या सूचनांत वाचा. दोन्हींची तपासणी शेवटी त्याच पोलीस रेकॉर्डवर होते, त्यामुळे आधी रेकॉर्ड नीट करा, मग दाखल्याचा अर्ज करा. चुकीचा शेरा एकदा आला की नवा अर्ज आणि नवी फी.

किती आधी सुरुवात करावी?

केस जुनी असेल, नक्कल काढायची असेल आणि ठाण्याची हद्द बदलली असेल तर परवान्याच्या अर्जाच्या सहा महिने आधी. नुसतं ई-कोर्ट्सवर नाव शोधायचं असेल तर आज रात्री.